खांब की माणूस?
उकल न करणारे गूढपट कसे पाहावेत



चित्रपटगृहातले दिवे लागले, लोक उठून दाराकडे निघाले, की त्या गर्दीत एक प्रश्न कधीकधी हमखास ऐकू येतो. पुण्या-मुंबईकडे तो ‘म्हणजे शेवटी काय?’ असा विचारतात. आपल्याकडे ‘मंग शेवटले काय व्हयनं?’ असा विचारतात. विनोदी चित्रपट पाहून कोणी हा प्रश्न विचारीत नाही, पौराणिक चित्रपट पाहूनही विचारीत नाही. तो विचारला जातो एका विशिष्ट जातीच्या चित्रपटाविषयी. त्यात एक जुना वाडा असतो. वाड्यात कोणी वावरते, अशी वदंता असते. एखादी स्त्री दिसते आणि दिसेनाशी होते. कोणी मरते आणि त्या मरणाचे कारण कळत नाही. दोन-अडीच तास आपण जीव मुठीत धरून बसतो, आणि चित्रपट संपतो तो उत्तर न देताच! भूत खरोखर होते की पाहणाऱ्याच्या मनाचा तो खेळ होता, हे सांगायचे राहूनच जाते.

मग बाहेर चहाच्या टपरीवर तीन पक्ष पडतात. एक म्हणतो, पैसे फुकट गेले. दुसरा म्हणतो, लेखकालाच शेवट सुचला नसेल. तिसरा काही बोलत नाही. तो दोन दिवस त्याच चित्रपटाचा विचार करीत राहतो. आज मला या तिसऱ्या प्रेक्षकाविषयी आणि त्याला बोलके करण्याविषयी बोलावयाचे आहे. विषय करमणुकीचा आहे, हे मी जाणतो. परंतु न उकललेल्या गोष्टीपुढे माणसाने कसे वागावे, हा प्रश्न चित्रपटगृहाबाहेरही आपली पाठ सोडीत नाही, आणि तिथे त्याची किंमत तिकिटाच्या पैशांत मोजता येत नाही.

प्रथम उकल करणारे चित्रपट घेऊ. कारण आपली सवय त्यांनी घडविली आहे. १९४९ साली बॉम्बे टॉकीजचा ‘महल’ आला. कमाल अमरोही यांनी दिग्दर्शित केलेला हा पहिलाच चित्रपट. अशोककुमार ओसाड महालात राहावयास येतो, मधुबाला झोक्यावर दिसते, दुरून गाण्याचे स्वर येतात. त्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी लताबाई मंगेशकर मायक्रोफोनपासून लांब उभ्या राहून गाऊ लागल्या आणि गात गात जवळ आल्या, ही हकीकत त्यांनी स्वतः सांगितलेली आहे. आवाज कोठून येतो हे कळू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप! पण चित्रपटाच्या अखेरीस न्यायालयात उलगडा होतो: झोक्यावरची ती स्त्री पिशाच नसून माळ्याची मुलगी असते. १९६४ साली राज खोसला यांचा ‘वह कौन थी’ आला. पावसाळी रात्र, पांढऱ्या साडीतली एकाकी स्त्री, स्मशान, सारे काही होते, आणि शेवटी उत्तर होते जुळ्या बहिणींचे आणि वारशाच्या लोभाचे. त्याच वर्षी मराठीत राजा परांजपे यांनी ‘पाठलाग’ काढला. ज्या पत्नीवर अंत्यसंस्कार झाले, तिच्याच चेहऱ्याची स्त्री दरोडेखोर म्हणून पकडली जाते आणि वकिलाला म्हणते, मीच तुमची बायको. तिथेही उकल जुळ्या बहिणीनेच होते. १९६६ साली राज खोसलांनीच त्यावरून हिंदीत ‘मेरा साया’ केला.

या चित्रपटांचा आपल्याशी एक अलिखित करार असतो: आम्ही तुम्हांला घाबरवू, परंतु घरी जाण्यापूर्वी तुमची भीती परत घेऊ. हा करार प्रामाणिक आहे, त्यात कमीपणा काही नाही. अंधश्रद्धेला तो एक प्रकारे उत्तरही देतो; कारण भुताच्या पांढऱ्या साडीआड कोणाचा तरी स्वार्थ उभा असतो, हे तो दाखवितो. तरीही ‘महल’ पुन्हा एकदा पाहा. महालात मूळ मालकाची एक तसबीर असते आणि तिच्यातला चेहरा हुबेहूब नायकाचा असतो. झोक्यावरच्या स्त्रीचा खुलासा होतो. त्या तसबिरीचा होत नाही. पाऊणशे वर्षे झाली, लोक ‘महल’ पाहतात ते उकललेल्या भागासाठी की न उकललेल्या भागासाठी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता न उकलणे म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यासाठी आपल्याला फार लांब जावयाचे कारण नाही. आपल्या अमळनेरात श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. साने गुरुजी या गावी प्रथम आले ते त्या मंदिरात अध्ययनासाठी. शाळेतले गुरुजी ते नंतर झाले. ज्या गावात ज्ञान आणि भ्रम यांचा विचार करण्यासाठी माणसे मुद्दाम येऊन राहिली, त्या गावाला एक जुना शब्द सांगावयाचा म्हणजे गंगेला ओंजळभर पाणी वाहण्यासारखे आहे. तो शब्द म्हणजे ‘संशय’.

व्यवहारात संशय म्हणजे कोणावर तरी वहीम. न्यायशास्त्रात तसे नाही. संध्याकाळ झाली आहे, अंधुक उजेडात शेताच्या बांधावर काहीतरी उभे दिसते. उंची माणसाएवढी, रुंदी माणसाएवढी. तो खांब असेल, माणूसही असेल. दोघांत जे समान आहे ते दिसते. दोघांना वेगळे करणारे जे चिन्ह, म्हणजे हात-पाय किंवा लाकडातली ढोली, ते दिसत नाही. आणि ते चिन्ह काय असते याची आठवण मात्र आपल्याला असते. एकाच वस्तूच्या ठिकाणी दोन विरुद्ध शक्यता मनात एकाच वेळी उभ्या राहतात. या अवस्थेला नैयायिक संशय म्हणतात. खांब आणि माणूस यांचे हे उदाहरण त्या शास्त्रात शतकानुशतके चालत आलेले आहे.

याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवा, दोरी आणि सापाचे. वेदान्ताच्या प्रत्येक व्याख्यानात ते येते. अंधारात दोरी पाहून माणूस ‘साप!’ म्हणून ओरडतो, काठी उचलतो. इथे दोन शक्यता नाहीत. एकच आहे आणि ती चुकीची आहे. याला विपर्यय म्हणतात, भ्रम म्हणतात. संशय घेणारा मनुष्य थांबतो, विपर्यय झालेला मनुष्य धावत सुटतो. अंधार दोघांपुढे सारखाच असतो.

गौतमाच्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थ मोजलेले आहेत. त्यांत संशय तिसरा येतो आणि निर्णय नववा. मध्ये प्रयोजन, दृष्टांत, सिद्धांत, अवयव आणि तर्क असे पाच पदार्थ आहेत. संशयाला या शास्त्राने दोष म्हणून हाकलून दिलेले नाही. विचाराला जिथून चालना मिळते ते ठिकाण म्हणून त्याला सन्मानाने जागा दिली आहे. आणि त्याच्यापासून निर्णयापर्यंत एका उडीत जाता येत नाही, मध्ये पाच पायऱ्या आहेत, हेही त्या क्रमातून सुचविले आहे.

हे मनात ठेवून आता उकल न करणाऱ्या कलाकृतींकडे वळू. चांगला गूढपट आपल्याला संशयाच्या अवस्थेत नेतो आणि तिथेच ठेवतो. दोन्ही शक्यतांना तो सारखे बळ देतो. हे काम वाटते तितके सोपे नाही.

रवींद्रनाथ ठाकुरांची ‘क्षुधित पाषाण’ ही कथा १८९५ सालची. कथेतला सांगणारा मनुष्य कापसावरचा महसूल वसूल करणारा अधिकारी आहे. खानदेशातल्या श्रोत्यांना हा मनुष्य परका वाटू नये. नदीकाठच्या एका ओसाड शाही महालात तो मुक्काम करतो. दिवसा हिशेबाच्या वह्या, कोट-पाटलोण. रात्री अत्तराचा वास, पैंजणांचा आवाज, न दिसणाऱ्या स्त्रियांची वर्दळ. रवींद्रनाथ तरुणपणी, १८७८ साली, अहमदाबादेस आपल्या न्यायाधीश बंधूंकडे शाहीबागेतल्या जुन्या वाड्यात राहिले होते. त्या वास्तूने ही कथा त्यांना दिली. परंतु आपल्याला महत्त्वाचा आहे तो कथेचा शेवट. ही सारी हकीकत एका जंक्शनवर, गाडीची वाट पाहताना, सांगितली जात आहे. त्या महालात पूर्वी काय घडले, याचा खुलासा आता होणार, एका इराणी दासीची कहाणी सुरू होणार, इतक्यात गाडी येते. सांगणारा एका साहेबाच्या पहिल्या वर्गाच्या डब्यात चढून निघून जातो, आणि ऐकणारे दुसऱ्या वर्गाच्या डब्यात चढतात. ऐकणाऱ्यांपैकी एकाला वाटते की या माणसाने आपली थट्टा केली. त्याचा थिऑसॉफिस्ट नातेवाईक मात्र हे खरेच मानतो. आणि या वादावरून दोघांचे जन्माचे बिनसते!

पाहा, चहाच्या टपरीवरचा आपला वाद रवींद्रनाथांनी सव्वाशे वर्षांपूर्वीच कथेत लिहून ठेवला आहे. तपन सिन्हा यांनी या कथेवर १९६० साली बंगाली चित्रपट केला. पुढे १९९१ साली गुलजारांनी त्याच कथेच्या आधाराने ‘लेकिन’ केला. त्याच्या निर्मितीमागे आणि संगीतामागे आपले मंगेशकर कुटुंब होते.

१९६१ साली, रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, सत्यजित राय यांनी ‘तीन कन्या’ काढला. त्यातली मधली कथा ‘मणिहारा’. दागिन्यांच्या हव्यासाने पछाडलेली एक श्रीमंत घरची स्त्री, नवऱ्यावर संकट येताच, तो आता दागिने मागेल या धास्तीने दागिन्यांसह घर सोडून जाते. वाटेत तिचे काय झाले, हे कोणालाच कळत नाही. मग एका रात्री ती परत येते, म्हणजे काहीतरी परत येते. ही गोष्ट नदीच्या घाटावर एक शाळामास्तर एका अनोळखी माणसाला सांगत असतो. गोष्ट संपल्यावर तो अनोळखी मनुष्य म्हणतो की गोष्ट बरी आहे, परंतु तपशिलात चुका फार आहेत. कारण त्या स्त्रीचा नवरा मीच! आणि तो दिसेनासा होतो. परदेशी प्रेक्षकांना हा चित्रपट दाखविला गेला तेव्हा ही मधली कथा गाळून दोनच कन्या दाखविल्या गेल्या.

त्याच १९६१ सालचा इंग्रजी चित्रपट ‘दि इनोसंट्स’. हेन्री जेम्स यांच्या १८९८ सालच्या लघुकादंबरीवरून जॅक क्लेटन यांनी तो केला. एका एकाकी हवेलीत दोन पोरकी मुले आणि त्यांना सांभाळावयास आलेली एक शिक्षिका. मेलेला नोकर आणि मेलेली पूर्वीची शिक्षिका हवेलीत वावरतात, असे तिला दिसते. पण घर सांभाळणाऱ्या बाईला ते कधीच दिसत नाहीत. म्हणजे सारा तिच्या मनाचा खेळ, असे आपण म्हणू लागतो. तोच एका प्रसंगी, रडणारी ती मृत स्त्री नाहीशी झाल्यावर, पाटीवर अश्रूचा एक थेंब शिल्लक राहिलेला दिसतो. थेंब एवढासा, पण तराजूचे पारडे पुन्हा समान होते. खांब म्हणावे तर हात हलल्यासारखे वाटते, माणूस म्हणावे तर मघाची ढोली आठवते!

आणखी एक उदाहरण देऊन हा भाग संपवितो. हिचकॉक यांनी १९६० साली ‘सायको’ काढला, तेव्हा शेवटी एका मनोविकारतज्ज्ञाला उभे करून सर्व खुलासा करविला. तीनच वर्षांनी, १९६३ साली, त्याच हिचकॉकनी ‘दि बर्ड्स’ काढला. समुद्रकाठच्या एका गावावर साधी पाखरे, कावळे आणि समुद्रपक्षी, तुटून पडतात. का? सांगितलेले नाही. चित्रपटात पार्श्वसंगीतही नाही, यंत्रांवर निर्माण केलेले पंखांचे आणि चोचींचे आवाज तेवढे आहेत. अखेरीस माणसे पाखरांच्या गराड्यातून मोटारीने हळूहळू निघून जातात आणि पडद्यावर ‘समाप्त’ अशी अक्षरेही येत नाहीत. खुलासा करणे हिचकॉकना जमत नव्हते, असे म्हणण्याची सोय त्यांनी आपल्याला ठेवली नाही. ‘सायको’ पाहिलेला प्रेक्षक तसे म्हणू शकत नाही.

आता या सर्व कलाकृती शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते, आणि माझ्या व्याख्यानाचा मुख्य मुद्दा तोच आहे. त्यांत भूत अनिश्चित आहे. माणसाचे वागणे अनिश्चित नाही. ‘मणिहारा’त परत आले ते काय होते, यावर वाद घाला, परंतु त्या घरात प्रेमापेक्षा दागिन्यांना किंमत आली होती, यावर वाद नाही. ‘दि इनोसंट्स’मध्ये हवेलीत पिशाचे होती की नव्हती, ठाऊक नाही, एक बालक मात्र शेवटी त्या शिक्षिकेच्या हातांत प्राण सोडते, हे आपण डोळ्यांनी पाहतो. मुलांना वाचविण्याच्या भरात तिने काय केले, हा प्रश्न पिशाचांच्या प्रश्नापेक्षा मोठा होऊन आपल्यापुढे उभा राहतो. उकल काढून घेतल्यामुळे आपले लक्ष ‘कोणी केले’ यावरून ‘न कळता माणसे कशी वागली’ याकडे जाते. कोडे सुटले असते तर आपण टाळी वाजवून मोकळे झालो असतो.

इथे एक रास्त आक्षेप येतो, आणि तो घेणाऱ्यांविषयी मला आदर आहे. ते म्हणतात: महाशय, ही सारी चैन सुशिक्षितांची. ज्या समाजात अजून अंगारे-धुपारे चालतात, त्या समाजाला भूत दाखवावयाचे आणि ते खोटे आहे हेही सांगावयाचे नाही, हा अंधश्रद्धेला खतपाणी घालण्याचाच प्रकार नव्हे काय? २०१६ साली दूरचित्रवाणीवर ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सुरू झाली, तेव्हाही कोकणची बदनामी होते आणि अंधश्रद्धा वाढते, असे आक्षेप घेतले गेले होते. ज्या राज्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांसारख्या विवेकी माणसाला २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घालून मारले गेले, त्या राज्यात हा आक्षेप हसण्यावारी नेता येणार नाही.

म्हणून आपण अंधश्रद्धेचे खरे स्वरूप काय, ते पाहू. आपल्या उत्तरेला सातपुडा आहे. त्या डोंगरपट्ट्यात एखाद्या बाईला डाकीण ठरवून तिचा छळ केल्याच्या, तिला गावाबाहेर काढल्याच्या, प्रसंगी जिवे मारल्याच्या घटना घडलेल्या आहेत. आपण शहरवासीयांनी त्यावर नाक मुरडण्याचे कारण नाही. ‘करणी केली’, ‘बाहेरची बाधा आहे’, ‘पांढऱ्या पायाची सून आली’ ही वाक्ये पक्क्या भिंतींच्या घरांतही ऐकू येतात. अशा घटनेची सुरुवात कशी होते? कोणाचे मूल तापाने जाते. गाय दूध देईनाशी होते. कारण कळत नाही. हा झाला संशय, आणि इथवर कोणाचीही चूक नाही. दुःखात ‘का?’ असे विचारणे हा माणसाचा धर्म आहे. पण त्या ‘का’ची वेदना सहन होत नाही. मग कोणी भगत, कोणी भाऊबंद, कोणी जमिनीच्या तुकड्यावर डोळा ठेवणारा पुढे होतो आणि म्हणतो, ‘तिने केले.’ तेवढ्याने गाव सुटकेचा निःश्वास टाकतो. कोडे उलगडले! मधल्या पाच पायऱ्या कोणी चढलेच नाही.

तेव्हा अंधश्रद्धा ही न उकललेल्या गोष्टीतून थेट जन्मत नाही. न उकललेली गोष्ट सहन न झाल्यामुळे जी घाईची उकल केली जाते, तिच्यातून ती जन्मते. डाकीण हा शब्द गूढ नाहीच. तो एका गूढाचे चुकीचे आणि क्रूर उत्तर आहे. महाराष्ट्राने २०१३ साली जो जादूटोणाविरोधी कायदा केला, त्यानेही भुताची गोष्ट सांगण्यास बंदी केलेली नाही. अमुक व्यक्ती करणी करते, भुताची बाधा घडविते, मंत्राने जनावरांचे दूध आटविते असे भासवून तिला त्रास देणे, याला त्याने गुन्हा ठरविले आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड सांगितला आहे. कायद्याचे बोट बरोबर ठिकाणी आहे: कल्पनेवर नव्हे, जिवंत माणसावर केलेल्या आरोपावर.

हाच विचार ज्या मराठी लेखकाने कादंबरीत विलक्षण ताकदीने मांडला, त्याचा उल्लेख केल्याशिवाय हे व्याख्यान पुरे होणार नाही. चिं. त्र्यं. खानोलकर म्हणजे कवी आरती प्रभू (१९३०–१९७६) यांची ‘कोंडुरा’ ही कादंबरी १९६६ सालची. वेंगुर्ल्याजवळ समुद्रकाठी या नावाचे स्थानच आहे. श्याम बेनेगल यांनी तिच्यावरून १९७८ साली हिंदीत ‘कोंडुरा’ आणि तेलुगूत ‘अनुग्रहम्’ असा एकाच वेळी दोन भाषांत चित्रपट केला. कथा कोकणातून आंध्रच्या किनाऱ्यावर नेली. अनंत नाग, वाणिश्री, स्मिता पाटील आणि अमरीश पुरी अशी नटमंडळी होती.

घरातून अपमानित होऊन बाहेर पडलेल्या परशुरामाला समुद्रकाठी कोंडुरा स्वामी भेटतो. ब्रह्मचर्य पाळण्याच्या अटीवर तो त्याला प्रसाद देतो आणि एक मुळी देतो. त्या मुळीने गर्भ पडतो. परशुराम गावात परत येतो तो सिद्ध पुरुष म्हणून. देवी त्याला दृष्टांत देते, मंदिराचा जीर्णोद्धार करावयास सांगते. गाव त्याच्या पाया पडू लागते आणि गावातले धनवान त्याच्या भोवती जमतात. हा स्वामी खरा होता काय? देवी खरोखर बोलली काय? की अपमानाने पोळलेल्या मनाने आपली सत्ता आपणच निर्माण केली? चित्रपट सांगत नाही. पण पुढे काय होते, ते मात्र स्वच्छ सांगतो. गावात पाप शिरले आहे आणि ते आपण ओळखले आहे, अशी परशुरामाची खात्री होते. त्या खात्रीपायी एका गरोदर स्त्रीविषयी तो नको तो निष्कर्ष काढतो, आणि ती मुळी तिच्यापर्यंत पोचते. निष्कर्ष खोटा ठरतो, अनर्थ होतो.

हा चित्रपट पाहून ‘स्वामी खरा की खोटा?’ एवढेच विचारीत घरी जाणारा प्रेक्षक अर्धाच चित्रपट पाहून गेला, असे मी म्हणेन. स्वामी खरा धरला तरी त्या स्त्रीवर अन्याय झाला, खोटा धरला तरी झालाच. तिचा घात करावयास दैवी चमत्काराची गरजच नव्हती. एका पुरुषाची निःशंक खात्री पुरेशी होती. खानोलकरांनी आणि बेनेगलांनी जर शेवटी स्वामीचा बुरखा फाडून दाखविला असता, तर सारा दोष त्या भोंदूच्या माथी मारून आपण निर्धास्त झालो असतो. उत्तर न देऊन त्यांनी दोष जिथे होता तिथेच, परशुरामापाशी आणि त्याच्या पाया पडणाऱ्या गावापाशी, राहू दिला.

आता, उकल न करणारा प्रत्येक चित्रपट थोर, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. काही वेळा लेखकाला खरोखरच शेवट सुचलेला नसतो, आणि धुके सोडून तो आपली अडचण झाकतो. खऱ्या गूढात आणि अशा धुक्यात फरक कसा करावा? मी तीन प्रश्न सुचवितो. ते घरी जाताना एकमेकांना विचारून पाहावेत.

पहिला प्रश्न: पाहिले कोणी? भूत सर्वांना दिसले, की एकालाच? ज्याला दिसले त्याला ते दिसावे असे त्याच्या मनात काही होते काय? चांगला चित्रपट साक्षीदाराची ओळख आधी नीट करून देतो. न्यायालयातही साक्षीपूर्वी साक्षीदार तपासतात.

दुसरा प्रश्न: दोन्ही बाजूंचा पुरावा दिला आहे काय? कागदाच्या मधोमध रेघ ओढून एका बाजूला ‘भूत होते’ याचे पुरावे आणि दुसऱ्या बाजूला ‘नव्हते’ याचे पुरावे मांडता आले पाहिजेत. दोन्ही रकाने भरत असतील तर तो संशय आहे आणि कलावंताने तो जाणून निर्माण केला आहे. दोन्ही रकाने रिकामे राहत असतील तर तो केवळ गोंधळ आहे; तिथे पैसे फुकट गेले म्हणणाऱ्याचे म्हणणे खरे.

तिसरा प्रश्न: भूत बाजूला काढले तर काय उरते? कोणाचे दुःख उरते, कोणाचा लोभ, कोणावर झालेला अन्याय? काहीच उरत नसेल, दारांचे करकरणे आणि मांजरांचे ओरडणे एवढेच उरत असेल, तर चित्रपट विसरून जावा. काही उरत असेल, तर त्याविषयी बोलावे.

या तिसऱ्या प्रश्नाची सवय लागली, तर तिचा उपयोग चित्रपटगृहापुरता राहत नाही. वैशाखात बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते, माणसांना माणसे भेटतात, गावोगावच्या बातम्या कानांवर येतात. कोणाचा मुलगा अचानक गेला, कोणाच्या घरी एकामागून एक दुखणी निघाली, आणि लोक म्हणतात की ‘त्या’ घरच्या बाईची नजर वाईट. असे ऐकले म्हणजे विचारावे: पाहिले कोणी? दुसऱ्या रकान्यात काय आहे? आणि हे बोलणे खोटे निघाले, तर त्या बाईचे काय? उत्तर ठाऊक नसेल तर ‘आम्हांला माहीत नाही’ असे मोकळेपणाने म्हणावे आणि डॉक्टरला बोलवावे. ‘माहीत नाही’ म्हणण्यात शरम नाही. त्यासाठी थोडा धीर मात्र लागतो. तो धीर काळोखात दोन तास बसून, कोणाच्या केसालाही धक्का न लावता, शिकता येत असेल, तर त्या तिकिटाचे पैसे वसूल झाले म्हणावयास हरकत नाही.

संध्याकाळी बांधावर काहीतरी उभे दिसते. खांब असेल, माणूस असेल. हातात कंदील असेल तर जवळ जाऊन पाहावे, तोच उत्तम मार्ग. कंदील नसेल, जवळ जाता येत नसेल, तर निदान दगड मारू नये. कारण तो माणूस असण्याचा संभव आहे.